वासाचं मटण

"काकू, या वेळीही वासाचंच द्यायचं ना?"

प्रश्न आईच्या फोनवर आला होता आणि फोन अनुपमाच्या कानाला होता. आई जाऊन दोन महिने होत आले होते. बँकेचे निरोप याच नंबरवर येतात म्हणून फोन चालू ठेवलेला. एरवी कर्ज हवंय का विचारणाऱ्या मुलींखेरीज त्यावर कुणाचा आवाज उमटत नसे. शनिवारची सकाळ. मुलुंडच्या घरात मे महिन्याचं ऊन गजांतून थेट ओट्यावर आलेलं. ओट्यावर मसाल्याचे डबे उघडे, आणि त्यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं ते ठरवायला पवईहून आलेली अनुपमा अजून पहिल्याच डब्यापाशी उभी.

"मी त्यांची मुलगी बोलतेय," ती म्हणाली.

"हां ताई, नमस्कार. प्रीतम बोलतोय, जुन्नरहून. चराईचं मटण आपलं. काकूंचा दर महिन्याला माल असतो. मागच्या वेळी फोन लागला नाही, म्हटलं गावी गेल्या असतील."

"वासाचं म्हणजे काय?"

पलीकडे तो हसला. "कसं सांगू ताई. बाकीचं गिऱ्हाईक पहिलं विचारतं, वास तर नाही ना येणार? शहरातल्या लोकांना मटण पाहिजे, पण बोकडाचा वास नको. म्हणून आम्ही खच्ची केलेलं, कोवळं देतो. काकू एकट्याच अशा की, वास असेल तेच दे. मोठा, न खच्ची केलेला, डोंगरात फिरलेला. मला पहिल्यांदा वाटलं, चेष्टा करतायत."

"कळवते," असं म्हणून तिने फोन ठेवला. आई गेली हे सांगायचं राहून गेलं. हे वाक्य या दोन महिन्यांत तिने इतक्यांना सांगितलं होतं, की ते बोलताना आता तिला आपलं तोंड दुसऱ्या कुणाचं तरी वाटायचं. पण आज न सांगण्याचं कारण ते नव्हतं. कुणीतरी आईबद्दल वर्तमानकाळात बोलत होतं, आणि तेही तिला ठाऊक नसलेलं काहीतरी. तिने हातातला डबा उघडा तसाच ठेवला आणि खुर्चीत बसली.

जुन्नरच्या या मटणाचं घरात काय हसं झालं होतं! कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आई महिनाभर अंथरुणाला होती, त्यातून उठली, आणि पुढच्या वर्षी कधीतरी तिने हे सुरू केलं. आयुष्यभर भांडुपच्या दुकानातून, देवनारच्या कत्तलखान्याचा शिक्का बघून, मान की खांदा यावर हुज्जत घालून मटण आणणारी बाई एकाएकी डोंगरावर चरलेल्या, इंजेक्शन न टोचलेल्या, पेंड न खाल्लेल्या बोकडाचं मटण घरपोच मागवायला लागली. बरोबर फोनवर व्हिडिओ यायचा: उतारावर पांगलेली शेळ्यामेंढ्यांची चिल्लर, मागे वाऱ्याची घरघर. बोरिवलीहून जेवायला आलेला तिचा भाऊ सुबोध तो बघून म्हणाला होता, "आई, तू भलतीच हाय-फाय झालीस गं. आता बोकडसुद्धा बायोडेटा घेऊन येतो." आई रस्सा वाढतच म्हणाली, "येऊंदे मेल्या. तुझ्या बायोडेटावर कोणी दिल्यान तुका नोकरी?" सुबोधची नोकरी तेव्हा नुकतीच गेली होती. तो ठसका लागेपर्यंत हसला.

अनुपमा हसली नव्हती. ती अशा गोष्टींवर वाचत असे. जनावरांना दिली जाणारी औषधं, चरबीतले फरक, चाऱ्यावर वाढलेल्या मांसाबद्दलचे दावे आणि त्या दाव्यांवरचे आक्षेप, सगळं तिने चाळलं होतं, आणि माणसं या मटणाकडे का वळतात याची एक मांडणी तिच्या डोक्यात तयार होती. मुळाशी भीती असते, असं तिचं मत होतं. आजारातून उठलेल्या माणसाला आपलं शरीर गळक्या छपरासारखं वाटायला लागतं. कुठून काय आत येईल याचा नेम नाही, तर निदान तोंडातून जाणारं तरी चोख असावं. त्यावर मग बाकीचे थर चढतात. शहरात राहून डोंगराचा एक तुकडा आठवड्याला विकत घेतल्याचं समाधान, आणि मेलेलं जनावर मरेपर्यंत सुखात होतं असं स्वतःला सांगण्याची सोय. आईला तिने पहिल्याच थरात बसवलं होतं आणि विषय मिटवला होता. त्या मांडणीत वासाला कुठेच जागा नव्हती. उलट, भ्यालेल्या माणसाला वास नको असतो.

आणि ही इमारत! सगळ्या मजल्यांवर मिळून मटण शिजणारी घरं दोन की तीन. बाबांची गिरणी बंद पडल्यावर ते मुलुंडला एका कंपनीच्या गेटवर नोकरीला लागले, भांडुपची खोली विकून हे घर घेतलं, तेव्हा दलालानेच सांगितलं होतं, खायचं ते खा, पण वास पॅसेजमध्ये आला नाही पाहिजे. आईने ते अंगी बाणवलं. रविवारी स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी बंद, पंखा बाहेर तोंड करून; आधी खोबरं-कांदा खरपूस भाजून घ्यायचा, कारण तो वास सगळ्यांचाच असतो, त्याच्या आडून मग मटण. हाडं तीन वर्तमानपत्रांत गुंडाळून बाबा कामावर जाताना लांबच्या कचराकुंडीत टाकायचे. अनुपमाला लहानपणापासून वाटायचं की आपण दर रविवारी काहीतरी लपवून आनंद करतो. आनंद तसाच असतो, असंही वाटायचं.

मग हीच बाई शेवटच्या दोन-तीन वर्षांत मटण शिजताना घराचं मोठं दार सताड उघडं ठेवायला लागली. अनुपमाने एकदा विचारलं, "अगं, पॅसेजमध्ये जातोय सगळा." आई म्हणाली, "जाऊंदे. खंय जातलो?" समोरच्या शर्मिष्ठाबेनचं दार त्याच वेळी धाडकन लागलं, आणि आईच्या चेहऱ्यावर एक समाधान पसरलं, जे अनुपमाने तेव्हा म्हातारपणाचा बेडरपणा म्हणून वाचलं. तिला त्याचा अभिमानही वाटला होता. इतक्या वर्षांनी आपली आई या इमारतीत ताठ उभी राहिली, असं तिने पवईला मैत्रिणीला सांगितलं होतं. आता खुर्चीत बसून तिला तो चेहरा पुन्हा दिसत होता, आणि तो बंडखोर बाईचा चेहरा वाटत नव्हता. परीक्षेचा निकाल ऐकलेल्या मुलीसारखा वाटत होता.

तिने पुन्हा फोन लावला.

"प्रीतम, तुमच्याकडून लोक का घेतात हो मटण?"

"काय ताई, लेख लिहिताय का?" पण त्याला बोलायला आवडत होतं. घाटकोपरच्या एका बाईची मुलगी आठ-नऊ वर्षांचीच वयात आली, डॉक्टरने काही सांगितलं नाही, पण बाईने कोंबडी बंद केली. अंधेरीचा एक जिमवाला प्रत्येक वेळी चरबीचा रंग विचारतो. एक रिटायर मास्तर आहेत, ते म्हणतात जनावर मोकळं फिरलं असेल तर खाणाऱ्याला पाप कमी. "आणि ताई, काही लोक नुसतं दुसऱ्यांना सांगायला घेतात. त्यांचं काय, मला सगळे सारखेच."

"आणि काकू?"

"काकूंचं वेगळंच. ह्या खेपेला कशावर चरला ते विचारायच्या. बोरीचा पाला, करवंदाच्या जाळ्या, हिवर. म्हणायच्या, आमच्या गावात वाटपाचा वाटा घरात आला की नुसत्या वासावर सांगायचो, बोकड कुठल्या सड्यावरचा. मला खोटं वाटलं नाही, माझी आजी पण सांगते. पण एकदा काय झालं, मी पॅकिंगला बसलो होतो आणि काकूंचा फोन. म्हणाल्या, तुझ्या हातात आहे ना आत्ता? मग नाकाला लाव आणि मला सांग, कसा येतो. मी म्हटलं, येतो तसाच येतो. तर म्हणाल्या, नीट सांग रे, उग्र आहे का, गोडसर आहे का, ओल्या घोंगडीसारखा आहे का? मी आपलं सांगितलं काहीतरी. त्या बराच वेळ नुसत्या ऐकत होत्या."

अनुपमाने मग त्याला आई गेल्याचं सांगितलं. तो "अरे देवा" म्हणाला, आणि पुढे म्हणाला, "मग ताई, मी उगाच वासाचं वासाचं करत बसलो." ती म्हणाली, "नाही, बरं केलंत."

फोन ठेवल्यावर दुपार जागच्या जागी थांबल्यासारखी झाली. वास कसा येतो हे दुसऱ्याला कोण विचारतं? ज्याला येत नाही तो. हे इतकं उघड होतं की तिला आधी हसूच आलं. मग एकेक गोष्ट, जी तिने वयाच्या खात्यात टाकून दिली होती, तिथून उठून तिच्याकडे यायला लागली. आंबलेली उसळ आईने सुबोधला वाढली होती आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली होती. दूध तापवायच्या आधी पातेलं अनुपमाच्या नाकासमोर धरून "बघ गो, बरा आसा मां?" म्हणायची. वाढदिवसाला दिलेली अत्तराची बाटली तिने मन लावून हुंगली होती आणि "छान" म्हणाली होती, झाकण न उघडता. अनुपमाने त्या झाकणावरून विसराळूपणाच्या आजारावरची दोन जाडी पुस्तकं वाचून काढली. आईला आठवतंय की नाही हे बघायला गप्पांतून नातेवाइकांच्या जन्मतारखा काढून घ्यायची. आई सगळ्या बरोबर सांगायची, वर कोणाच्या बारशाला कोण रुसलं होतं तेही. दुसऱ्या लाटेत सगळ्यांचाच वास गेला होता, सगळ्यांचाच परत आला होता. आईने फोनवर "इलो गो, वास इलो" म्हणून सांगितलं, आणि तो प्रश्न सुटला.

दर महिन्याला जुन्नरहून येणारं ते पुडकं म्हणजे औषध नव्हतं की पथ्य नव्हतं. बंद दारावर कुणीतरी जोरजोरात धक्के मारावेत तसं होतं ते. गुलाब, दूध, अगरबत्ती यांनी उघडलं नाही, तर निदान न खच्ची केलेला, करवंदीत घुसलेला, माणसाला नकोसा होणारा बोकड तरी आत घुसेल. अनुपमाला याचं कौतुक वाटलं, आणि कौतुकाच्या खालून एक शंका वर आली जी दिवसभर खाली जाईना. घुसला का तो? कधीतरी, एकदा तरी? की आई गेली ती तशीच, सगळं असून नसल्यासारख्या जगातून, जिथे कढीपत्ता, ऊन दिलेली गादी, सुबोधच्या पोराची टाळू यांतलं काहीच नाही?

ती रात्री पवईला गेली नाही. सुबोधला फोन करून विचारलं, "तुला कधी वाटलं का रे, आईला वास येत नव्हता?" तो म्हणाला, "काय बोलतेस? मागच्या शिमग्याला मी सिगरेट ओढून आलो, तर तिने बरोबर ओळखलं." मग स्वतःच म्हणाला, "थांब. खिशात पाकीट दिसत होतं यार माझ्या." सुबोधने एक आठवण आणखी सांगितली: आई मध्येच उठून गॅस बघून यायची, "काय जळता काय?" म्हणून, आणि कधी काही जळत नसायचं. अनुपमाला ते माहीत होतं. याबद्दलही तिने कुठेतरी वाचलेलं होतं, फक्त आईशी कधी जोडलं नव्हतं. वास गेलेल्या काही माणसांना नसलेला वास येतो. नाक गप्प असतं आणि डोकं आपल्या मनाने काहीतरी रचतं, बहुतेकदा करपल्याचंच. म्हणजे एखाद्या वेळी आई "वास इलो" म्हणाली असेल, तरी तो खरा होता का खोटा हे तिचं तिला कसं कळणार होतं? आणि आता आपल्याला कसं कळणार?

शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात एक पुडकं होतं. आईच्या शेवटच्या महिन्याचं. त्या रविवारी अनुपमा जेवायला आली होती, तर आईने मटण केलंच नव्हतं. नुसता वरण-भात, लिंबू, पापड. "कंटाळो इलो," म्हणाली होती, पण कंटाळलेली दिसत नव्हती. भात फार सावकाश जेवली. चार दिवसांनी झोपेतच गेली. पुडकं टाकून द्यायला हवं होतं, ते अनुपमाकडून झालं नव्हतं. रविवारी सकाळी तिने ते बाहेर काढलं. बर्फ सुटल्यावर नाकाशी नेलं आणि मान मागे गेली. थंडीतून निघूनही त्याला वास होता: उग्र, ओला, लोकरीसारखा, आणि त्याच्या मागे काहीतरी हिरवं तुरट. तिला किळस आली, आणि किळस आली याचं बरंही वाटलं. मग तिने कांदा-खोबरं भाजलं, आईच्याच डब्यातला मसाला घातला, मटण कुकरमध्ये न लावता आईसारखं टोपात ठेवलं, वर ताटात पाणी. आणि जाऊन मोठं दार सताड उघडलं.

समोरचं दार उघडं होतं. ते लागेल म्हणून ती वाट बघत राहिली. वास पॅसेजमध्ये गेला असणार, कारण खालच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी ओढून घेतली. समोरचं दार मात्र तसंच. मग शर्मिष्ठाबेन स्वतः बाहेर आल्या, सडपातळ, उंच, नाकावर पदर धरलेला.

"अनु," पदराच्या आतून त्या म्हणाल्या, "मी दार लावू?"

"लावा ना काकी. सॉरी. त्रास होत असेल तर..."

"त्रासाचं नाही विचारत. तुला कळायला पाहिजे काय, ते विचारते."

शर्मिष्ठाबेन दोन पावलं पुढे आल्या आणि एकदम आवाज खाली करून, जणू आई आत झोपलीय, बोलायला लागल्या. "तुझी मम्मी मला बोलली होती. फक्त मला. बोलली, शर्मिष्ठा, माझा नाक मेला. पोरांना नको सांगू, गॅसचा वास येत नाही कळलं तर एकटी राहू देणार नाहीत, चूल बंद करतील माझी. मग बोलली, तू माझं एक काम कर. मी बोलली, इंदुबेन, तू पण ना, जैन माणसाला हे काम सांगते? ती बोलली, म्हणून तर सांगते. तुझ्याइतका दुसऱ्या कोणाला येणार नाही." त्यांनी पदर जरा सरकवला; हसू दिसलं. "वास बरोबर सुटला, मसाला मुरला, की मला सहन नाही व्हायचा. मी दार लावायची. धाड करून. म्हणजे तिला समजायचं, झालं, आता उतरवायचं. कधी मी विसरली तर बेल मारून विचारायची, काय गं, आज लावलं नाहीस, कमी पडलं काय?"

"आणि तुम्ही एवढी वर्षं..."

"काय करणार! पाप लागत असेल तर लागलं. माझा मिहिर आजारी होता तेव्हा महिनाभर दवाखान्यात कोण बसली होती?"

टोपावरच्या ताटातलं पाणी खळखळायला लागलं होतं. अनुपमाला आत जायला हवं होतं, पण ती दारातच उभी राहिली. कालपासून जे विचारायला कुणी नव्हतं, ते विचारता येईल असं एक माणूस नाकावर पदर धरून समोर उभं होतं.

"काकी, तिला परत आला का हो कधी? वास?"

"आला ना. सांगितलं नाही तुला? चैत्राची ओळी चालू होती माझी, आमचा उपास. नऊ दिवस एकदाच जेवायचं, तेल नाही, मीठ नाही, उकडलेलं धान्य फक्त. तो रविवार होता, तू दुपारी जेवायला आलेली ना, त्याच दिवशी सकाळी. ती आली आणि बोलली, जळतंय."

"काकी, तिला ते वाटायचं. नेहमी. काही जळत नसताना. तो खरा वास नसतो, डोक्यात असतो नुसता."

"माहीत आहे. मला दहा वेळा विचारायची, जळतंय काय, आणि मी बोलायची, नाही गं बाई, काही नाही. तिला पण माहीत होतं ते. म्हणून तर..."

"त्या दिवशी खरंच जळत होतं?"

"अरे, मी देवासमोर माळ घेऊन बसलेली!" शर्मिष्ठाबेननी पदर पूर्ण सोडून दिला, मटणाचा वास सरळ त्यांच्या तोंडावर येत होता आणि त्यांचं लक्ष नव्हतं. "मूग ठेवले होते, विसरून गेली. मला काही कळला नाही, मी डोळे मिटलेले. ती तिकडून आली, तुमच्या किचनमधून, हात ओले, आणि मला न विचारता सीधी आत. तीस वर्षांत तिने माझ्या किचनमध्ये पाय टाकला नव्हता. मी कधी बोलावलंच नव्हतं, खोटं कशाला बोलू. मी मागे धावली. गॅस बंद करून पातेलं तिने ओट्यावर घेतलेलं, आणि वाकून सगळं तोंड त्याच्यात. मी बोलली, भाजेल, इंदुबेन! तर माझी मान धरली आणि मला पण खाली वाकवली. बोलते, तू सांग, तू सांग, आहे ना? मी बोलली, आहे म्हणजे? पूरा काळा झालाय, पातेलं पण गेलं माझं!"

"मग?"

"मग काय, पातेलं सोडेचना. छातीशी धरून पॅसेजमध्ये आली, इथे, तू उभी आहेस तिथे. मला वाटलं रडते. मी पाणी आणायला वळली, तर हसत होती. वरचे खालचे सगळे लोक दारं उघडून बघायला लागले, आणि ती तुमच्या गावच्या भाषेत ओरडत होती, एकच, परत परत. करपले गो! मूग करपले! खरेच करपले!"